गळीचे पैसे

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे बागेत गळालेली पानं बघायला गेलो. त्यात विशेष काही नाही, दर वर्षी जायचो. जानेवारी लागला होता आणि मोसंबीला ताण दिलेला होता. ताण म्हणजे पाणी बंद करणं. आमच्या भारी जमिनीत दीड-दोन महिने झाडाला थेंब दाखवायचा नाही. पानं पिवळी होतात, माना टाकतात, गळायला लागतात. नवख्याला वाटतं बाग मेली. पण तेवढं सोसल्याशिवाय झाड फुलावर येत नाही. पाणी कधी सोडायचं हे ठरवायचं काम तिचं होतं. मला ते कधी जमलं नाही. मला बघवायचं नाही आणि मी दहा दिवस आधीच मोटार चालू करायला निघायचो.

घरापासून बाग लांब नाही. एक बिडी ओढून होईस्तोवर पोहोचतो माणूस. त्या दिवशी आम्हाला बराच वेळ लागला, कारण तिचे गुडघे. मी तिचा दंड धरला होता. ती म्हणाली, "सोडा, लोकं बघतील." मी म्हणलं, "बघू दे. म्हाताऱ्याला आधार लागतो म्हणून सांग." ती हसली. पण बांधावर चढताना तिनं माझं मनगट असं धरलं, की तिच्या बोटांचे वळ उठले.

एक रिकामं कॅरेट उपडं करून तिला बसायला दिलं. मग तिनं मला कामाला लावलं. या झाडाखालची मूठभर पानं आणा, त्या कोपऱ्यातल्या झाडाची आणा. मी आणून द्यायचो, ती चुरायची, देठ बघायची आणि टाकून द्यायची.

"अजून पाच-सहा दिवस," ती म्हणाली. "जल्दी करू नका."

"बरं."

मी खिशातून मोबाईल काढला. सवयीनं काढला, मला कळलंही नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"हितला ताण राहू द्या, पण तिकडला पुरे झाला आता."

"तिकडला म्हणजे? विहिरीकडल्या झाडायचा?"

"झाडायचं न्हाई म्हणत मी. माह्या गुडघ्याचे पैसे तुम्ही त्या मोबाईलमधी घातले ना, त्याचं म्हणते. उद्या सकाळी काढून घ्या. असतील तेवढे."

मी तिथंच खाली बसलो.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे कोणी? चाळीस वर्षं मिठावरून माहा जीव खाल्ला तुम्ही. अन् आता तीन महिने झाले, आळणी वरण गपगुमान खाऊन राह्यले."

"आत्ताच काढतो."

"आत्ता न्हाई. आत्ता तुमचा हात कापून राह्यला. कापऱ्या हातानं काही करायचं न्हाई, असं ठरलंय ना आपलं? उद्या सकाळी काढा."

"बरं, उद्या सकाळी," मी म्हणलं. मग तिला उठवलं आणि आम्ही घरी आलो.

त्याच संध्याकाळी ती गेली. ते पुढं लिहितो. पैसे तिकडं कसे गेले ते आधी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. इंग्रजीतले आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. जालन्याच्या मार्केटला मोसंबी घेऊन गेलो, की लिलावाला नंबर लागेपर्यंत बसून राहावं लागतं. तिथं एक व्यापारी कायम मोबाईलवर बोट फिरवत बसायचा. एकदा विचारलं, तर म्हणाला, हे मोबाईलवरचं नाणं आहे, क्रिप्टो म्हणतात, सकाळी घेतलं, आता विकतो. मला त्यात नवल वाटलं नाही. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, याच्यातच माझा जन्म गेलेला. फक्त इथं माल दिसत नव्हता.

आम्हाला एकच लेक. जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत नोकरी करते. तिच्याकडून मी ते मोबाईलवर बसवून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, यात लोकं बुडतात." मी म्हणलं, "अन् मोसंबीत काय तरंगतात?" मग तिनं गुपचूप बसवून दिलं.

घरी आल्यावर बायकोला दाखवलं.

"माल कुठंय?" तिनं विचारलं.

"माल न्हाई. नाणं हाय."

"मंग नाणं दाखवा."

"ते दिसत न्हाई."

"दिसत न्हाई तर तुम्हाला कसं काय आवडलं? मला बघायला आल्ते तव्हा तर दोनदा उजेडात उभं केल्तं."

असं बोलायची. तिला अक्षर ओळख बिलकुल नव्हती. पण त्या मोबाईलमध्ये रंग असतात, तेवढे तिला दिसायचे. वर चाललं की हिरवं, खाली चाललं की लाल. मी पहिल्यांदा थोडेसे घातले आणि चार दिवसांत हिरवं झालं. मी म्हणलं, विकून टाकतो. ती म्हणाली, "हिरवं हाय म्हणता ना? म्हणजे कच्चंच हाय अजून. कच्चं कामून तोडता?" मोसंबीवाल्याच्या घरात हिरवं म्हणजे कच्चं, दुसरं काय. मीही तिचं ऐकलं आणि राहू दिलं. ते आणखी वर गेलं. मग चार दिवस ती गल्लीतल्या बायकांना सांगत होती, की मोबाईलमधली बाग माझ्याच हाताखाली आहे. पुढच्या महिन्यात ते लाल झालं तेव्हा ती म्हणाली, "पिकलं आता, तोडा." तिथं आम्ही मार खाल्ला. लेकीला फोन करून विचारलं तर ती हसून हसून बेजार. तिनं आईला समजावलं की लाल म्हणजे पिकलेलं नाही, सडलेलं. ती म्हणाली, "मंग तसं सांगायचं आधी. रंग देणाऱ्याला शेती कळत न्हाई."

त्या दिवशी तिनं नियम केला. आमच्या बागेत पावसाळ्याच्या शेवटी फळगळ होते. पतंग डंख मारतो, नाहीतर पाणी साचतं, आणि हातात येण्याजोगं फळ टपटप खाली पडतं. खाली पडलेल्या फळाला मार्केटमध्ये कोणी विचारत नाही. ती गोणपाट घेऊन सकाळी सकाळी बागेत जायची, पडलेल्यातलं बरं निवडायची आणि वडीगोद्रीच्या रोडवर रसाच्या गाड्यांना देऊन यायची. ते पैसे तिचे. आम्ही त्याला गळीचे पैसे म्हणायचो.

तिनं ते माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "हे घाला तिकडं. हे खाली पडलेलं होतं, आपण गेलंच म्हणून सोडलं होतं. उद्या बुडलं तर आपलं काही गेलं न्हाई. पण झाडावरचं एक फळ तिकडं जायचं न्हाई. ऐकलं का?"

"ऐकलं."

"अन् दिवसातून एकदाच बघायचं. सकाळी. दोघांनी मिळून. अन् ज्या दिवशी काही करू वाटलं त्या दिवशी करायचं न्हाई, दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं."

"अन् दुसऱ्या दिवशी करू वाटलं न्हाई तर?"

"तर मंग बरंच झालं की."

पुढं मी मोबाईलवर पुष्कळ शहाणी माणसं ऐकली. सुटाबुटातली. ती तासभर बोलून हेच सांगत होती. मी तिला ऐकवायचो, ती म्हणायची, "याच्या बायकोनं सांगितलं असंल त्याला."

दोन वर्षं असं बराबर चाललं. रोज सकाळी चहा झाला की आम्ही ओसरीवर बसायचो, मी उघडायचो, ती रंग बघायची, मी आकडा सांगायचो. मग मोबाईल पिठाच्या डब्यावर. एकदा निम्मे गेले. मी दिवसभर तोंड पाडून बसलो. ती म्हणाली, "पडलेलंच होतं ते. दुसऱ्यांदा पडलं. उठा, बैलाला पेंड घाला." एकदा दुप्पट झाले, तर तिनं निम्मे काढायला लावले. पहिला तोडा, म्हणाली. त्या पैशात तिला संडासात बसायची खुर्ची आणली, कारण तोवर गुडघ्यांनी तिला खाली बसणं बंद केलं होतं. लोक असल्या पैशात गाडी घेतात म्हणे. आम्ही ती खुर्ची घेतली. तिच्यावर पहिल्यांदा बसून आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं.

लेकीनं मध्येच एक गोष्ट शिकवली. आपण आधीच सांगून ठेवायचं, की भाव अमुकच्या खाली गेला तर आपोआप विकून टाक. त्याला स्टॉप लॉस म्हणतात. मला समजून घ्यायला दोन दिवस लागले. बायकोला लगेच कळलं. ती म्हणाली, "म्हणजे फ्यूज. मोटार जळायच्या आधी तार जळती." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "लेकी, तुह्या बापाला फ्यूजचं सांगून फायदा न्हाई."

ते असं, की मागं एकदा लाईट कमी-जास्त व्हायची आणि विहिरीवरची फ्यूज सारखी उडायची. उडाली की अर्ध्या रानातून चालत जाऊन तार बांधा. मी वैतागून जाड तार गुंडाळून टाकली. फ्यूज उडायची बंद झाली. आठ दिवसांनी मोटार जळाली. ते ती मेली तरी विसरणार नव्हती, आणि विसरली नाहीच.

आता गुडघ्यांचं. जालन्याच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, दोन्ही वाट्या घासल्या, बदलाव्या लागतील. खर्च मोठा होता. मागच्या बहाराची बाग चांगली गेली तेव्हा आम्ही ते पैसे बाजूला काढले, बँकेत वेगळे ठेवले. दिवाळी झाली की ऑपरेशन करायचं ठरलं. तिनं तर ठरवूनही टाकलं होतं, की गुडघे झाले की पहिल्यांदा बदनापूरला बहिणीकडं रेल्वेनं जायचं. रेल्वेच्या पायऱ्या तिला चार वर्षांत चढता आल्या नव्हत्या.

दसऱ्याच्या आसपास ते नाणं रोज हिरवं. दहा दिवस, बारा दिवस, थांबेचना. गळीचे पैसे तिकडं फुगत होते आणि बँकेतले तसेच पडून होते. माझ्या डोक्यात भुंगा शिरला. महिनाभर घालू, वाढतील तेवढ्यात दोन्ही गुडघे एकाच वेळी करू, चांगल्यातल्या वाट्या बसवू, वर चार पैसे उरतील. मी हावरटपणानं केलं असं मला त्या दिवशी बिलकुल वाटलं नाही. मला वाटलं, मी तिच्यासाठी करतोय. आता वाटतं, असल्या वेळी माणूस दुसऱ्याचंच नाव पुढं करतो.

ती भजनाला गेली होती. दुपारची वेळ. नियमानं दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला पाहिजे होती. मी म्हणलं, उद्या सकाळी ती शेजारी बसलेली असणार. म्हणून तेव्हाच घातले. सगळे.

पाच-सहा दिवस आणखी वर गेलं. मला रात्री गोड झोप लागायची. मग एक दिवस लाल झालं. मी फ्यूज लावून ठेवलेली होती, म्हणजे ते स्टॉप लॉस. भाव त्याच्याजवळ आला. मला वाटलं, एवढ्याशानं विकलं जाईल आणि उद्या परत वर गेलं तर? मी ते खाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी भाव परत तिथं आला, मी परत सरकवलं. तिसऱ्या दिवशी काढूनच टाकलं. तेव्हा मला त्या जाड तारेची आठवण झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. तरी काढलं.

त्यानंतर ते खाली गेलं ते गेलंच. मी बँकेतले घरखर्चाचे किरकोळ होते ते पण घातले, स्वस्त मिळतंय म्हणून. तेही गेले. मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवायचा बंद केला. बैलामागं, विहिरीवर, न्हाणीत, जिथं जाईन तिथं उघडून बघायचो. दिवसातून पन्नास वेळा. सकाळी तिच्यासमोर उघडताना अंगठा आडवा धरायचो, म्हणजे आकडा झाकला जाईल. तिला काय, आकडा वाचताच येत नव्हता. अंगठा मी कोणासाठी धरत होतो कोणाला माहीत.

दिवाळी झाली. ती म्हणाली, "तारीख घ्यायची का?" मी म्हणलं, डॉक्टर बाहेरगावी गेलाय. पंधरा दिवसांनी परत विचारलं. मी म्हणलं, कापूस घरात येऊ दे. चाळीस वर्षांत मी तिच्याशी कडक बोललो असेन, हात उगारणं सोडून सगळं केलं, पण खोटं बोललो नव्हतो. ते इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

मग एक बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं. तिचे गुडघे कमी दुखायला लागले. थंडी असून तिनं कण्हणं बंद केलं. मी घरात असलो की सरळ चालायची. म्हणायची, "त्या रुईच्या पानायनं फरक पडला बघा. राहू द्या ऑपरेशन, उन्हाळ्यात बघू." मी खुश. मी म्हणलं, देवानं मला वेळ दिला.

तेराव्यानंतर लेकीनं सांगितलं. मी पैसे घातले त्याचा निरोप तिच्या मोबाईलवर गेला होता, तिनंच बसवून दिलेलं ना ते. तिनं आईला फोन केला. आई आठ दिवस गप्प राहिली आणि मग लेकीला म्हणाली, "त्यायला काही म्हणू नको. आत्ता बोललं तर भिऊन तोट्यात मोडतील अन् मंग जन्मभर स्वतःला खातील. मला ते बघवायचं न्हाई. मी ओढते दोन महिने." लेक रडायला लागली, तर तिला म्हणाली, "गुडघे माहे हायेत, तू कामून रडती?" दिवाळीनंतर तारीख विचारली तीही मला संशय येऊ नये म्हणून. मी रानात गेलो की ती गोठ्यात जाऊन गुडघ्याला शेक द्यायची. शेजारणीला माहीत होतं. लेकीला माहीत होतं. आमच्या गल्लीत मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

मी यावर पुष्कळ विचार केला. ती आयुष्यभर मला सांगत आली, की जे झाडावर आहे ते पणाला लावायचं नाही. आणि माझ्यापायी तिनं स्वतःचे दिवस लावले. तिचाच नियम तिनं मोडला. मी मोडला तो हावेनं मोडला. तिनं कशानं मोडला ते मी लिहीत नाही. तिला आवडणार नाही ते.

भावकीत काही जण म्हणतात, तुझ्या मोबाईलपायी ती गेली. ते खरं नाही. काळीज बंद पडलं, डॉक्टरनं सांगितलं. गुडघ्यानं माणूस मरत नाही. पण शेवटचे काही दिवस तरी तिला नीट चालता आलं असतं. बदनापूरला जाऊन आली असती. एवढं माझ्याकडं लागतं, आणि ते मी कोणावर ढकलत नाही.

आणखी एक. ते नाणं आता परत वर गेलंय म्हणतात. मार्केटमधला तो व्यापारी भेटला, म्हणाला, "काका, थांबले असते तर आज फायद्यात असते." मी म्हणलं, कोणाच्या फायद्यात? त्याला कळलं नाही. त्याची बायको तरुण आहे, चालती-फिरती आहे.

आता ती संध्याकाळ. बागेतून आल्यावर तिनं तुरीच्या शेंगा सोलल्या, मग गॅसपाशी स्टुलावर बसून भाकरी करायला घेतल्या. एक तव्यावर होती. ती म्हणाली, "छातीत कसंतरीच होऊन राह्यलं." मी म्हणलं, पित्त असेल. पाणी दिलं. तिनं घोट घेतला आणि गॅस बंद केला, स्वतःच्या हातानं. म्हणाली, "जीप बोलवा." ती कधी जीप बोलवा म्हणणारी नव्हती. शेजाऱ्यानं जीप काढली. मागच्या सीटवर मी तिला धरून बसलो. पाय पसरायला जागा नव्हती, गुडघे दुमडलेलेच. मी विचारलं, "गुडघे दुखतात का?" ती म्हणाली, "त्यायचं राहू द्या आता." अंबडच्या रोडला लागलो आणि थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. मी शेजाऱ्याला सांगितलं नाही. तो जोरात चालवत होता, चालवू दिलं. दवाखान्यात डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि मान हलवली. आम्ही तिला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली. लेक येऊन पोहोचली होती. बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अहेव गेली, भाग्याची, असं एकमेकींना सांगत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. ऊन ओसरीवर आलं. मी उठून गोठ्यात गेलो. माझ्यामागं कोणी आलं नाही, लेक तेवढी आली.

मी मोबाईल उघडला. लाल होतं, कालच्यापेक्षा खाली. विकायचं बटन दाबलं. ते परत विचारतं, नक्की विकायचं का. मी दाबलं. हात कापत नव्हता. अर्ध्यापेक्षा बरेच कमी आले. गळीचे उरलेलेही त्यातच धरून.

लेक म्हणाली, "बाबा, आज कशाला?"

मी म्हणलं, "तिनंच सांगितलं होतं काल, उद्या सकाळी काढा म्हणून."

तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पदरात धरून उभी राहिली. बाहेरून हाका आल्या, आम्ही गेलो.

तिरडी तयार होती. तिला वर ठेवलं, पण पाय सरळ होत नव्हते. जीपमध्ये दुमडले तसेच राहिले होते. भावकीतला माझा थोरला चुलतभाऊ पुढं झाला, एका हातानं तिचा घोटा धरला, दुसऱ्या हातानं गुडघ्यावर भार दिला.

मी म्हणलं, "जोर लावू नको."

तो म्हणाला, "अरे, आता कुठं दुखतंय तिला? बांधायचं कसं मंग?"

"राहू दे तसेच. दुखतात तिचे."

त्यानं हात काढला. मी घरात जाऊन तिची गोधडी आणली, घडी करून तिच्या गुडघ्यांखाली सरकवली. दोन्ही बाजूंनी बराबर बसली का ते हात घालून बघितलं. मग मी पुढच्या बाजूला गेलो आणि आम्ही तिला उचललं.